मुलाखतीपूर्वी खासगी कंपनीची खरी माहिती कोठून मिळवावी?

प्रश्न – क्यूसी विश्लेषक, कळवा

नमस्कार. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून काही वर्षांपासून औषधनिर्मिती क्षेत्रातील एका कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे क्यूसीमध्ये, काम करते आहे. पुढील आठवड्यात रबाळे एमआयडीसीतील एका कंपनीत माझी मुलाखत आहे. ही कंपनी औषधांचे मूळ घटक, म्हणजे एपीआय, तयार करते. ती प्रायव्हेट लिमिटेड आहे आणि शेअर बाजारात तिची नोंद नाही.

मुलाखतीला जाण्यापूर्वी कंपनीचा अभ्यास करावा, असे सर्वच जण सांगतात. परंतु मी तिचे संकेतस्थळ पाहिले तेव्हा त्यावर उत्पादनांची यादी, कारखान्याची छायाचित्रे आणि दर्जाविषयीची नेहमीची वाक्ये यांपलीकडे काही मिळाले नाही. कर्मचारी आपल्या कंपनीविषयी मते लिहितात त्या अँबिशनबॉक्स या संकेतस्थळावर मोजकीच मते आहेत आणि ती परस्परविरोधी आहेत. मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सहज मिळतात; अशा मध्यम आकाराच्या कंपनीबद्दल मात्र कोठे पाहावे, हे मला समजत नाही.

हा प्रश्न केवळ मुलाखतीत चांगली उत्तरे देण्यापुरता नाही. माझ्या सध्याच्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी काही महिने भरलाच गेला नव्हता आणि हे आम्हाला फार उशिरा कळले. घरात गृहकर्जाचा हप्ता चालू आहे, त्यामुळे पुन्हा तशाच ठिकाणी जाणे मला परवडणारे नाही. कंपनीची आर्थिक स्थिती, कर्मचाऱ्यांशी असलेली तिची वागणूक आणि कामाचा दर्जा यांविषयी विश्वसनीय माहिती कशी मिळवावी, आणि मिळालेल्या माहितीचा मुलाखतीत कितपत उल्लेख करावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – कंपनी सचिवांच्या कार्यालयातून, नौपाडा

आपल्याला हवी असलेली बरीचशी माहिती कंपनीला कायद्यानेच सरकारकडे द्यावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. म्हणून संकेतस्थळ आणि लोकांची मते काही काळ बाजूला ठेवून सुरुवात तेथून करावी, असे मी सुचवीन.

सर्वप्रथम कंपनीचे नेमके नोंदणीकृत नाव मिळवा. फाटकावरच्या पाटीवरील नाव आणि नोंदणीतील नाव यांत पुष्कळदा फरक असतो, आणि ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत पसरलेल्या टीटीसी या औद्योगिक पट्ट्यात एकाच कुटुंबाच्या तीन-चार कंपन्या एकाच पत्त्यावर असणे मुळीच दुर्मीळ नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक कंपनीने आपल्या पत्रांवर आणि बिलांवर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता व सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे मुलाखतीचे पत्र आले असेल तर त्यावर तो शोधा. २१ अंकाक्षरांच्या या क्रमांकातील पहिले अक्षर एल असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आणि यू असेल तर न नोंदलेली असते. त्यानंतरचे पाच अंक उद्योगाचा प्रकार सांगतात, पुढील दोन अक्षरे राज्य, त्यापुढील चार अंक स्थापनेचे वर्ष आणि नंतरची तीन अक्षरे कंपनीचा प्रकार. संकेतस्थळावर तीस वर्षांच्या परंपरेचा उल्लेख असेल आणि क्रमांकात २०२१ हे वर्ष दिसत असेल, तर त्यात लबाडीच असेल असे नाही, कारण जुन्या भागीदारी संस्थेचा व्यवसाय नव्या कंपनीकडे आलेला असू शकतो. मात्र आपली नेमणूक नेमक्या कोणत्या संस्थेत होणार आहे, हे विचारण्याचे ते रास्त कारण ठरते.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नावनोंदणी केल्यानंतर कंपनीची मूलभूत माहिती, म्हणजे मास्टर डेटा, विनाशुल्क पाहता येते. त्यात कंपनीची सद्यःस्थिती, भरणा झालेले भांडवल, संचालकांची नावे, बँकांकडे ठेवलेल्या तारणाची नोंद आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटची वार्षिक सभा व शेवटचा ताळेबंद यांच्या तारखा असतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते आणि तिच्यानंतर ३० दिवसांत ताळेबंद दाखल करावा लागतो. उशीर झाल्यास दर दिवशी १०० रुपये अतिरिक्त शुल्क चढत जाते. सलग तीन वर्षे ही कागदपत्रे दाखल न करणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. इतके असूनही एखाद्या चालत्या कंपनीचा शेवटचा ताळेबंद दोन-तीन वर्षांपूर्वीचा दिसला, तर त्या कंपनीत हिशेबाची शिस्त नाही किंवा काही दाखवण्याची तिची इच्छा नाही, असे मी समजतो.

त्याच ठिकाणी १०० रुपये शुल्क भरून त्या कंपनीने दाखल केलेली कागदपत्रे उघडता येतात. माझ्या मते नोकरी शोधणाऱ्या माणसाने केलेला याहून उपयुक्त खर्च दुसरा नसेल. ताळेबंद वाचण्याची सवय नसली तरी हरकत नाही. आधी लेखापरीक्षकांचा अहवाल उघडा. त्यातील मत निःशंक आहे की सशर्त, आणि कंपनीचा व्यवसाय पुढे चालू राहण्याबाबत शंका व्यक्त झाली आहे का, हे पहिल्या एक-दोन पानांतच कळते. त्यानंतर अहवालाला जोडलेले परिशिष्ट वाचा. लेखापरीक्षकांच्या अहवालाविषयीच्या २०२० च्या आदेशानुसार, अगदी लहान खासगी कंपन्या वगळता, लेखापरीक्षकाला तेथे स्पष्टपणे लिहावे लागते की भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, आयकर, जीएसटी यांसारखी देणी कंपनी नियमितपणे भरते का आणि वर्षअखेरीस सहा महिन्यांहून जुनी, वाद नसलेली थकबाकी किती आहे. आपल्या सध्याच्या कंपनीत जे घडले, ते इतरत्र घडत आहे का, हे शोधण्याची ही नेमकी जागा आहे. चालू वर्षात किंवा आदल्या वर्षात रोखीचा तोटा झाला का आणि लेखापरीक्षकाने मध्येच राजीनामा दिला का, हेही त्याच परिशिष्टात येते.

आकड्यांपैकी केवळ नफ्याकडे पाहू नका. दोन वर्षांची तुलना करून कर्मचाऱ्यांवरील खर्च वाढला की घटला, ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम विक्रीच्या मानाने फुगली आहे का आणि अल्प मुदतीचे कर्ज वाढते आहे का, एवढे पाहिले तरी पगार वेळेवर होण्याची शक्यता किती, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

ज्या कंपनीने बँकेकडून मोठे कर्ज घेतले आहे, तिचे पतमानांकन बहुधा क्रिसिल, इक्रा, केअर किंवा इंडिया रेटिंग्ज यांपैकी एखाद्या संस्थेने केलेले असते आणि त्यामागील कारणमीमांसा त्या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. कंपनीची बलस्थाने, तिच्या अडचणी, मोजक्या ग्राहकांवरील अवलंबित्व, नव्या प्रकल्पाची स्थिती हे सारे त्यात दोन-तीन पानांत असते. कंपनी माहिती देण्यास सहकार्य करीत नाही, असा शेरा मानांकनाला जोडलेला आढळला तर तो गंभीरपणे घ्यावा. कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू आहे का, हे भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरील जाहीर सूचनांमध्ये पाहावे.

संस्था कंपनी नसून भागीदारी किंवा एकल मालकीची असेल तर यातील फारसे काही मिळणार नाही. तेव्हा जीएसटीच्या संकेतस्थळावर तिचा क्रमांक टाकून नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि विवरणपत्रे कधी भरली गेली, एवढे तरी पाहावे.

उत्तर – गुणवत्ता आश्वासन विभाग, तळोजा

वरील उत्तर मोलाचे आहे आणि मी ते जपून ठेवणार आहे. तरीही मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपण क्यूसीमध्ये जात आहात, म्हणजे प्रत्येक बॅचच्या विश्लेषणाच्या कागदावर आपली सही असणार आहे. कंपनी भरपूर नफा कमावीत असेल, पण प्रयोगशाळेतील नोंदी प्रामाणिकपणे ठेवू देत नसेल, तर तिचा ताळेबंद आपल्याला वाचवणार नाही. म्हणून आपल्या व्यवसायात आर्थिक कागदांइतकेच, किंबहुना त्याआधी, नियामकांकडील कागद पाहिले पाहिजेत.

कंपनी अमेरिकेत निर्यात करीत असेल, तर अमेरिकी अन्न व औषध प्रशासन आपली इशारापत्रे जाहीर करते. त्यांत कंपनीचे नाव, कारखान्याचा पत्ता आणि आढळलेल्या त्रुटी सविस्तर लिहिलेल्या असतात. तपासणीचे निष्कर्ष त्यांच्या माहितीसंचात पाहता येतात आणि उत्पादनपद्धतीतील त्रुटींमुळे ज्यांचा माल अडवला जातो, अशा कारखान्यांची नावे आयात सूचना क्रमांक ६६-४० मध्ये सापडतात. युरोपसाठी युड्राजीएमडीपी या माहितीसंचात प्रमाणपत्रे आणि अनुपालन नसल्याचे अहवाल, दोन्ही मिळतात. कंपनीचे नाव तेथे नसेल तर त्याचा अर्थ सर्व उत्तम आहे असा होत नाही, कारण ती केवळ देशांतर्गत विक्री करीत असेल. परंतु संकेतस्थळावर मात्र विकसित देशांतील नियामकांच्या मान्यतेचा दावा असेल, तर त्या दाव्याचा मेळ आपणच घालून पाहू शकता.

इशारापत्र असलेल्या कंपनीत जाऊच नये, असे मी म्हणत नाही. काही कंपन्या अशा धक्क्यानंतर प्रयोगशाळा मुळापासून सुधारतात, नवी माणसे घेतात आणि तेथे शिकायला पुष्कळ मिळते. त्रुटी कोणत्या स्वरूपाची होती, हे पाहा. स्वच्छता किंवा देखभाल यांतील उणीव दुरुस्त होते. पण क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचे, नको असलेले निकाल पुसले गेले, ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय बदलले याची संगणकीय नोंद, बंद ठेवला गेला किंवा अनेक जण एकच लॉगिन वापरत होते, असे लिहिलेले असेल, तर विश्लेषकांवर वरून दबाव होता का, हा प्रश्न मनात ठेवूनच मुलाखतीला जा.

दुसरे ठिकाण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे. मंडळाने कारखान्याला दिलेले संमतीपत्र त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येते आणि त्यात कोणती उत्पादने, किती प्रमाणात बनविण्याची परवानगी आहे, सांडपाण्यावर कशी प्रक्रिया करायची आणि संमतीची मुदत कधीपर्यंत आहे, हे लिहिलेले असते. कंपनी विस्तार करणार असेल तर त्याहून उत्तम दस्तऐवज मिळू शकतो. एपीआयसारख्या कृत्रिम सेंद्रिय रसायनांच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि असे प्रस्ताव केंद्र सरकारच्या परिवेश या संकेतस्थळावर असतात. प्रस्तावित उत्पादने, गुंतवणूक, सुरक्षेच्या उपाययोजना, मनुष्यबळाची गरज, हे सर्व त्यात सापडते. मुलाखतीची तयारी म्हणून याचा फार उपयोग होतो, कारण कंपनी पुढील काही वर्षांत कोणत्या रेणूंवर काम करू इच्छिते, हे समजले की कोणती उपकरणे व कोणत्या पद्धती आपण उजळून जाव्यात, हे आपोआप ठरते.

शेवटचे म्हणजे, आपण कळव्यात राहता. विटावा मार्गे ठाणे-बेलापूर रस्त्याने किंवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रबाळे जवळ आहे. मुलाखतीच्या आधी एखाद्या दिवशी पाळी बदलण्याच्या वेळी त्या फाटकापाशी जाऊन या. सामान्य पाळीतले लोक संध्याकाळी वेळेवर बाहेर पडतात का, कंत्राटी कामगारांच्या पायांत सुरक्षेचे बूट आहेत का, महिला कर्मचाऱ्यांसाठी बसची सोय दिसते का, हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. जवळच्या चहाच्या टपरीवर आदराने विचारले तर पगार कोणत्या तारखेला होतो, हे लोक मोकळेपणाने सांगतात.

उत्तर – मनुष्यबळ विभाग, महापे

मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते आहे. उमेदवाराने कंपनीचा अभ्यास केलेला असला की मला मनापासून आनंद होतो, पण तो अभ्यास पाठ म्हणून दाखवलेला असेल तर त्याचा परिणाम होत नाही. ‘आपली गेल्या वर्षीची उलाढाल इतकी होती’ हे वाक्य आम्हाला नवे काही सांगत नाही. त्याऐवजी ‘नव्या उत्पादन विभागासाठी पर्यावरण मंजुरीचा प्रस्ताव माझ्या वाचनात आला, त्यासाठी प्रयोगशाळेत स्वतंत्र गट होणार आहे की सध्याचाच गट दोन्ही कामे पाहील?’ असे विचारणारी उमेदवार आपल्या कामाचा विचार करून आलेली आहे, हे लगेच लक्षात येते. मिळविलेल्या माहितीतून असे दोन-तीन प्रश्न तयार करा आणि उरलेली माहिती स्वतःच्या निर्णयासाठी ठेवा.

ही जागा नव्याने निर्माण झाली आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे, हे अवश्य विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही आणि प्रामाणिक कंपनी त्याचे सरळ उत्तर देते. त्याचबरोबर आपण कंपनीच्या स्वतःच्या पटावर असाल की थर्ड पार्टी पेरोलवर, हेही स्पष्ट करून घ्या. आपल्या भागात मुलाखत एका कंपनीत होते आणि नेमणूकपत्र मनुष्यबळ पुरविणाऱ्या दुसऱ्याच संस्थेचे हातात पडते, असे पुष्कळदा घडते. तसे असेल तर वर सांगितलेला सारा तपास त्या दुसऱ्या संस्थेचाही करावा लागेल.

संकेतस्थळांवरील मते मी पूर्णपणे टाकाऊ मानत नाही. ती विभागनिहाय आणि तारखेनुसार वाचावीत. अगदी गोड आणि अगदी कडू मते वगळून, वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या लोकांनी एकच तक्रार केली आहे का, एवढेच पाहावे. थोड्याच दिवसांत सर्व गुण देणारी अनेक मते एकदम आलेली दिसली, तर त्यांना महत्त्व देऊ नये. मला स्वतःला लिंक्डइन अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तेथे माणसे कंपनीविषयी काय म्हणतात हे न पाहता ती तेथे किती काळ टिकली हे पाहता येते. त्या कंपनीच्या क्यूसीमधील आजी-माजी लोक शोधा. बहुतेक जण वर्षभरातच बाहेर पडलेले असतील, तर कारण शोधलेच पाहिजे. एखाद्या माजी कर्मचाऱ्याला विनम्रपणे संदेश पाठवताना ‘कंपनी कशी आहे?’ असे मोघम विचारू नका. ‘निकाल मर्यादेबाहेर गेला तर तपासासाठी पुरेसा वेळ दिला जात असे का?’ असे विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते आणि उत्तर देणाऱ्यालाही संकोच वाटत नाही.

मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपसाठी अनामत रक्कम मागितली गेली, अथवा ईमेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून न येता एखाद्या मोफत सेवेवरून आला, तर पुढे जाऊ नका. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी मास्टर डेटा पाहिला. मागील आर्थिक वर्षाचा ताळेबंद वेळेत दाखल झालेला आहे आणि लेखापरीक्षकांच्या परिशिष्टात भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी नाही, असे लिहिले आहे. त्यानंतर भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधले असता तेथे दरमहाच्या भरण्याची यादी मिळाली. मात्र त्यातील कर्मचाऱ्यांची संख्या कंपनीने दूरध्वनीवर सांगितलेल्या संख्येपेक्षा बरीच कमी आहे. याचा अर्थ काही लोकांचा निधी भरलाच जात नाही, असा घ्यावा का? आणि हे मुलाखतीत विचारणे योग्य होईल का?

उत्तर – कंपनी सचिवांच्या कार्यालयातून, नौपाडा

केवळ संख्येवरून तसा निष्कर्ष काढू नये. कंत्राटी कामगारांचा निधी बहुधा कंत्राटदाराच्या स्वतंत्र क्रमांकाखाली भरला जातो, आणि कंपनीचे मुख्य कार्यालय अन्यत्र असेल तर काही कर्मचारी तिकडच्या क्रमांकाखाली असू शकतात. शिवाय ज्यांचा निधीसाठी धरला जाणारा पगार रुजू होताना १५,००० रुपयांपेक्षा जास्त आहे आणि जे पूर्वी कधी सदस्य नव्हते, त्यांना योजनेबाहेर ठेवण्याची मुभा जुन्या नियमांत होतीच. आपण आधीपासून सदस्य असल्यामुळे ही सबब आपल्याला लागू होणार नाही.

संख्येपेक्षा भरण्याच्या तारखा तपासा. प्रत्येक महिन्याची रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. गेल्या दोन वर्षांच्या तारखा खाली-खाली पाहत जा. एखाद-दुसरा महिना मागे-पुढे झाला असेल तर काळजी नको, पण दोन-तीन महिन्यांचे भरणे एकाच दिवशी झालेले वारंवार दिसले, तर कंपनीकडे त्या काळात रोख रकमेची चणचण होती, असे समजावे. तसेच सदस्यसंख्या अचानक एक-तृतीयांशाने घटली असेल, तर त्या महिन्यात कपात झाली की लोक कंत्राटदाराकडे वळवले गेले, हे शोधण्यासारखे आहे.

उत्तर – मनुष्यबळ विभाग, महापे

मुलाखतीच्या पहिल्या फेरीत भविष्यनिर्वाह निधीविषयी विचारू नका. तेथे समोर बहुधा प्रयोगशाळेचे प्रमुख असतील आणि त्यांना त्याची माहितीही नसेल. निवड झाल्याचे कळल्यानंतर आमच्यासारख्या विभागाशी बोलणे होते, तेव्हा विचारणे अगदी योग्य आहे. त्या वेळी देकारपत्रात, म्हणजे ऑफर लेटरमध्ये, कंपनीचे नोंदणीकृत नाव, मूळ वेतन, निधीची वजावट कोणत्या रकमेवर होणार, नोटिशीचा कालावधी आणि बंधपत्र असल्यास त्याच्या अटी लेखी मागून घ्या. कंपनीने सांगितलेला वार्षिक आकडा मोठा आणि मूळ वेतन लहान असेल, तर निधीही लहान राहू शकतो, त्यामुळे हा तपशील राजीनामा देण्यापूर्वीच हातात असला पाहिजे. ‘पत्र नंतर देऊ, आधी राजीनामा द्या’ असे सांगण्यात आले, तर नम्रपणे पण ठामपणे लेखी देकारपत्राची वाट पाहीन असे कळवा; माझ्या विभागात असे उत्तर देणाऱ्या उमेदवाराची निवड त्या कारणासाठी कधीही रद्द झालेली नाही.